क्लब तरतो, उधारी बुडते

2008 मध्ये एफए कप जिंकलेला पोर्ट्समथ क्लब दोनच वर्षांत, फेब्रुवारी 2010 मध्ये, कर्जापायी प्रशासकाच्या ताब्यात गेला. प्रीमियर लीगमध्ये असताना ही वेळ आलेला तो पहिला क्लब. कमाईपेक्षा पगार आणि खेळाडूंची खरेदी मोठी, त्यात एकाच हंगामात चार मालक! प्रशासक नेमला की धनकोंना वसुलीसाठी कोर्टात धावता येत नाही. प्रशासक क्लब चालू ठेवतो, गिऱ्हाईक शोधतो आणि तडजोड मांडतो. रकमेच्या हिशेबाने 75 टक्के धनकोंनी होकार दिला की ती सर्वांवर बंधनकारक होते. लीगने पोर्ट्समथचे 9 गुण कापले आणि क्लब खालच्या श्रेणीत गेला. बातम्यांत गाजली ती ही शिक्षा. पण खरा भुर्दंड गुणतक्त्याबाहेरच्या लोकांना बसला.

कारण इंग्लिश फुटबॉलचा एक अजब नियम. खेळाडूंचे पगार आणि इतर क्लबांची देणी पूर्ण चुकती केल्याशिवाय नव्या मालकाला लीगमधली जागा मिळत नाही. जागेविना क्लब म्हणजे नुसते मैदान आणि जर्सी, म्हणून गिऱ्हाईक मुकाट्याने ही देणी भागवतो. उरलेल्यांच्या वाट्याला उरलेसुरले येते. पोर्ट्समथमध्ये विनातारण धनकोंना पौंडामागे 20 पेन्स, तेही हप्त्यांनी, देऊ केले गेले. या यादीत करखाते होते आणि सामन्यांना प्रथमोपचार पुरवणारी सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्स ही सेवाभावी संस्थाही होती. तिचे येणे जेमतेम 2,700 पौंडांचे. लाखोंचा पगार घेणाऱ्याचे पैसे पूर्ण सुरक्षित, मलमपट्टी करणाऱ्याचे मात्र बुडीत!

नियमाचे समर्थक म्हणतात, एका क्लबने खेळाडूचे पैसे थकवले तर विकणारा क्लबही अडचणीत येईल आणि सगळी साखळी कोसळेल. भीती खोटी नाही. पण हाच धोका गावातल्या खानावळवाल्याला आणि छापखान्यालाही असतो, आणि क्लबचा ताळेबंद तपासण्याची सोय त्यांच्याकडे नसते. ती दुसऱ्या क्लबकडे असते. पैसे बुडणारच नाहीत याची हमी असल्यावर तो तपासेल कशाला? उधळ्या क्लबला उधारीवर खेळाडू मिळत राहतात ते या हमीमुळेच.

नियम कायदेशीर आहे, हा दुसरा बचाव. करखात्याने त्याला कोर्टात आव्हान देऊन पाहिले आणि 2012 मध्ये खाते हरले. पण कोर्टाने नियम बेकायदा नाही एवढेच ठरवले. तो न्याय्य असल्याची पावती दिली नाही. पुढे 2015 पासून खालच्या श्रेणींच्या लीगने विनातारण धनकोंना पौंडामागे किमान 25 पेन्स, किंवा तीन वर्षांत 35, देण्याचे बंधन घातले. ते न पाळल्यास आणखी गुण कापले जातात. सुधारणा स्वागतार्ह, पण अपुरी. खानावळवाल्याला चार आणे आणि फुटबॉलवाल्यांना पूर्ण रुपया हा भेद तिने तसाच ठेवला आहे.