एस्कमच्या चर्चचे वय कसे काढायचे?

इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यात एस्कम नावाचे खेडे आहे. तिथे घरांच्या मधोमध, गोलसर आवाराच्या आत एक उंच, अरुंद दगडी चर्च उभे आहे. ते इ.स. ६७५ च्या सुमाराचे मानतात. हे साल भिंतीवर कुठेही कोरलेले नाही, बांधकामाची त्या काळातली नोंदही नाही. मग ते ठरले कसे? चर्चला एक फेरी मारू, म्हणजे आपल्याही लक्षात येईल.

सुरुवात उत्तरेच्या भिंतीपासून करा. या बाजूला ऊन क्वचितच पडते, म्हणून हातात बॅटरी असू द्या आणि ती भिंतीला लगटून धरा. तिरप्या उजेडात काही दगडांवर टाकीच्या घावांची आडवीतिडवी जाळी उठून दिसते. ही रोमन पाथरवटांची खूण. एका दगडावर ‘लेग’ ही अक्षरे आणि रोमन सहाचा आकडा आहे, म्हणजे रोमन सैन्याची सहावी पलटण. ही पलटण इ.स. १२२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये आली होती.

इथेच बहुतेकांची फसगत होते. लेख रोमन, म्हणून इमारतही रोमन, असे वाटते. पण तो दगड उलटा बसवलेला आहे. बसवणाऱ्यांना तो केवळ चांगला घडीव चिरा म्हणून हवा होता. जवळच बिंचेस्टरला रोमनांचा ओस पडलेला किल्ला होता, तिथून हे दगड आणले. दगड केव्हा घडवला आणि भिंत केव्हा उभी राहिली, हे दोन प्रश्न कायम वेगळे ठेवा.

आता खिडक्या पाहा. लहान, उंचावरच्या खिडक्या मूळच्या आहेत. बाहेरून फटीएवढ्या, पण आत भिंत तिरकी कापून रुंद केलेल्या, म्हणजे थोडाच उजेड आत आल्यावर पसरतो. मोठ्या खिडक्या नंतरच्या. केवळ त्यांच्यावरून वय काढाल तर कित्येक शतकांनी चुकाल. साधा नियम असा, की जे कापले गेले ते आधीचे आणि ज्याने कापले ते नंतरचे.

दक्षिणेच्या भिंतीवर, उंचावर, दगडात कोरलेले छोटे सूर्यघड्याळ आहे. वरून एक सर्प कमानीसारखा वळलेला, आणि खाली मोजक्याच रेघा. त्या रेघा प्रार्थनेच्या वेळांच्या. तास-मिनिटे त्यात शोधू नका. इथल्या लोकांना दिवसाचे इतकेच भाग लागत होते. मला विचाराल तर सबंध चर्चमध्ये याच्यासमोर सर्वांत जास्त वेळ थांबावे.

आत गेल्यावर आधी उंची जाणवते. लोकांनी बसायचा भाग सुमारे १३ मीटर लांब, पण रुंदी जेमतेम साडेचार मीटर. पुढे वेदीकडे जाणारी कमान आहे. तिच्या दोन्ही बाजूंचे दगड नीट पाहा, एक उभा, एक आडवा, पुन्हा एक उभा. वेदी म्हणजे जिथे धर्मगुरू मुख्य विधी करतात ती जागा.

सालाचा उलगडा इथे होतो. १९७४ पर्यंत याच परगण्यात असलेल्या जॅरोच्या चर्चमध्ये अर्पणविधीचा शिलालेख आहे, आणि तो इ.स. ६८५ चा आहे. त्या काळच्या बांधकामाची घडण एस्कमशी जुळते. पण ही केवळ तुलना आहे, म्हणून सालासोबत ‘सुमारास’ हा शब्द हवाच, तो गाळू नका.

जे उरलेले नाही तेही पाहायला हवे. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून एका उतरत्या छपराची रेघ दिसते. तिथे पूर्वी आणखी एक खोली टेकलेली होती.

भिंती वाचून झाल्या की चर्चशी जोडलेल्या माणसांसाठी कागद. असे चर्च ज्या वस्तीचे असते तिला पॅरिश म्हणतात, म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा टापू. १५३८ साली प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा हुकूम निघाला. या वह्या वाचताना एक चूक हमखास होते. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला लागत असे. त्यामुळे नोंदीत फेब्रुवारी १७०० असेल, तर आपल्या हिशेबाने ते १७०१. हे विसरलात तर मूल आईबापांच्या लग्नाआधी जन्मल्यासारखे दिसते, आणि एखाद्या निष्पाप घराण्यावर उगाच बोट ठेवले जाते.

१८६३ मध्ये गावाला नवे, मोठे चर्च मिळाले आणि जुन्याकडे दुर्लक्ष झाले. छप्पर गेले, भिंती उघड्या पडल्या. १८७५ ते १८८० या काळात त्याची डागडुजी झाली. पुढे नवे चर्चच पाडावे लागले. जुन्यात आजही उपासना होते, आणि तो उलटा दगड कुणीही पाहू शकते.