चेंडूपासून मतपेटीपर्यंत

गल्लीतील पोरेसुद्धा 'सहा बॉलांत दहा धावा' असा हिशेब ज्या शब्दाने सहज मांडतात, त्या 'बॉल' शब्दाच्या वेषात वस्तुतः परस्परांशी काडीचेही नाते नसलेले दोन शब्द नांदत आहेत. चेंडू या अर्थाचा बॉल हा जर्मानिक भाषाकुळातला असून, फुगणे या अर्थाच्या प्राचीन धातूपासून तो उद्भवला असे व्युत्पत्तिकार मानतात. नृत्यसमारंभ या अर्थाचा बॉल मात्र नाचणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून फ्रेंचांच्या मुलखातून इंग्लंडात उतरला, आणि 'बॅले' हे त्याचे सख्खे भावंड होय.

मला अधिक मोह पडतो तो पहिल्याच्या गोतावळ्याचा. हाच जर्मानिक शब्द इटलीत 'पाल्ला' झाला. त्यातला मोठा तो 'पल्लोने', ज्याचा आप्त 'बलून' 1783 साली माँगोल्फिए बंधूंनी फ्रान्सच्या आकाशात चढविला. आणि लहान ती 'बल्लोत्ता', म्हणजे गोळी. आपल्याकडेही औषधाची ती गोळी आणि बंदुकीची तीही गोळीच. परंतु व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने या चिमुकल्या वस्तूच्या हाती राज्यकारभाराच्या किल्ल्याच दिल्या. तेथील सभासद आपले मत म्हणून एक गोळी होकाराच्या अथवा नकाराच्या पात्रात टाकीत, आणि ती कोठे पडली हे आवाजावरून शेजाऱ्यास उमगू नये म्हणून ती कापडाची करीत. राज्यप्रमुख डोज याच्या निवडणुकीत चिठ्ठीसारख्या गोळ्या काढण्यासाठी एका अजाण मुलास नेमीत, व त्यास 'बल्लोत्तिनो' म्हणत. निर्भयपणे मत देता यावे म्हणून मनुष्याने घेतलेली ही काळजी मला कोणत्याही राजवाड्याहून सुंदर वाटते.

त्या गोळीवरूनच इंग्रजीत 'बॅलट' आला. पुढे गोळी जाऊन कागद आला, तरी नाव टिकले. आपल्या 1951–52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर जुनी रीतच जणू परतली, कारण प्रत्येक उमेदवाराची पेटी स्वतंत्र असून तीवर त्याचे चिन्ह डकविलेले असे, आणि मतदाराने पत्रिकेवर कसलीही खूण न करता ती आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची असे. मत ठरे ते कागदावरून नव्हे, तो कोठे पडला यावरून. त्या निवडणुकीसाठी पोलादाच्या लक्षावधी पेट्या मुंबईनजीक विक्रोळीच्या कारखान्यात घडल्या होत्या.