ब्राउझरमध्ये रस्ट: कुठे फायदा, कुठे नाही

परवा ऑफिसात एका ज्युनिअरने विचारलं, "सगळं फ्रंटएंड रस्टमध्ये लिहून वेबअसेंब्लीत कंपाइल केलं तर साइट पळेल ना?"

काम काय आहे त्यावर ठरतं.

वेबअसेंब्ली 2017 पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आहे. फोटो-व्हिडिओ प्रोसेसिंग, गेम अशी जड आकडेमोड असेल तर फरक जाणवतो. फिग्माचा सी प्लस प्लसमधला एडिटर याच वाटेने ब्राउझरमध्ये चालतो.

खरी मेख आहे ती देवाणघेवाणीत. वेबअसेंब्लीला पानावरच्या साध्या बटणालाही थेट हात लावता येत नाही, मध्ये जावास्क्रिप्ट लागतेच. त्यात रस्टची स्ट्रिंग यूटीएफ-8, जावास्क्रिप्टची यूटीएफ-16. 'नमस्कार' इकडे 21 बाइट, तिकडे 14. दर फेरीला रूपांतर आणि कॉपी! मजकूर सारखा इकडून तिकडे जात असेल, तर कमावलेला वेग इथेच खर्च होतो.

रस्टऐवजी 'गो' भाषा घेतली तर तिच्यासोबत तिचं रनटाइमही येतं, त्यामुळे नेहमीच्या कंपायलरने छोट्या प्रोग्रामचीही फाइल 2 एमबीच्या आसपास जाते. मोबाइल डेटावर हे फार आहे.

माझं मत स्पष्ट आहे: फॉर्म, याद्या, बटणं टाइपस्क्रिप्टमध्ये, जड हिशेब तेवढा रस्टमध्ये.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय अडतंय? कमेंटमध्ये विचारा, नक्की उत्तर देईन.