सावकाश चाला, डिझेल वाचवा

आम्ही कापडवाले, आम्हाला मीटरचा हिशेब कळतो, मैलांचा नाही. तरी अमेरिकेतील निवृत्त जोडप्यांचा एक हिशेब आम्हाला पटला. ट्रॉलरच्या घाटाची स्वतःची बोट घेऊन ती थंडीच्या तोंडावर नॉरफोकहून मायामीकडे निघतात. किनाऱ्यालगतचा जलमार्ग सुमारे १,०९० मैलांचा. वेग ताशी सात-आठ सागरी मैल. याहून पळवली तर वेग थोडाच वाढतो, डिझेल मात्र कितीतरी पट जळते.

पण बोट घेतली म्हणजे खर्च संपला नाही. धक्क्याचे भाडे, विमा, इंजिनाची दुरुस्ती चालूच. सारी पुंजी बोटीत अडकवली, तर एका मोठ्या बिघाडात तीच विकावी लागते. व्यापारी बंधूंनो, उधारीवर पळवलेल्या दुकानाचेही असेच होते. हाताशी रोकड ठेवा, बेताने चाला.