छायाचित्रांची वखार

सारे धान्य एकाच वखारीत ठेवू नये, हे आम्ही पेढीवर शिकलो. घरी मात्र विसरलो. दिवंगत मातोश्रींची सर्व छायाचित्रे एकाच हार्ड डिस्कमध्ये होती. ती हातातून पडली आणि मातोश्री आम्हांस पुन्हा अंतरल्या.

हार्ड डिस्कमधील फिरत्या तबकडीस धक्का सोसत नाही. पेनड्राइव्हमध्ये माहिती विद्युत्भाररूपाने राहते. तो वर्षानुवर्षे नुसता पडून राहिल्यास हा भार हळूहळू ओसरतो. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगथर ऊन व दमटपणा यांनी बिघडतो. तात्पर्य, अक्षय असे साधन एकही नाही. म्हणून प्रती ३ असाव्यात, साधने २ प्रकारची असावीत आणि १ प्रत परगावी आप्तांकडे ठेवावी. प्रतिवर्षी वहीपूजनाच्या दिवशी त्या सर्व उघडून पाहाव्यात, ही सभासद बंधुभगिनींस आमची विनंती.