पोच नसेल तर निरोपावर भरवसा कसा?

भोसरी-चाकण पट्ट्यात आपले अनेक बांधव छोटी वर्कशॉप चालवतात. कॉम्प्रेसर तापला, हवेचा दाब उतरला, तर ही खबर ऑफिसपर्यंत आणणारी बिनतारी यंत्रे आता मिळतात. एक यंत्र दुसऱ्याकडे, दुसरे तिसऱ्याकडे निरोप धाडते. टॉवर लागत नाही. पण पत्र्याची शेड व लोखंडी मशीन रेडिओलहरी अडवतात आणि निरोप वाटेतच हरवतो. खबर नाही म्हणजे सारे ठीक, असे आपण समजतो आणि नुकसान होते.

उपाय जुनाच आहे. १९७१ साली हवाई विद्यापीठाच्या 'अलोहा' या रेडिओ जाळ्यात निरोप मिळाल्याची पोच परत येई. न आल्यास तो पुन्हा धाडला जाई. ट्रान्सपोर्टला दिलेल्या मालाची आपण पोचपावती मागतो, तसेच हे.

म्हणून आम्ही सुचवतो की खरेदीपूर्वी तीन प्रश्न विचारावेत. प्रत्येक टप्प्यावर पोच मिळते का? मधले यंत्र बंद पडल्यास निरोप दुसऱ्या वाटेने जातो का? 'सर्व ठीक' हा ठरावीक वेळेचा निरोप चुकल्यास इशारा मिळतो का? आपल्याच शेडमध्ये, सर्व मशीन चालू ठेवून तपासावे; मगच पैसे मोजावेत.