शेकोट्यांचं गाव

टेक्सासच्या डोंगराळ भागात, सॅन अँटोनिओपासून शंभरेक किलोमीटरवर ग्वादालूपे नदीकाठी कर्व्हिल नावाचं गाव आहे. कोरड्या, निरोगी हवेसाठी ते एकेकाळी प्रसिद्ध होतं. छातीच्या विकाराचे रुग्ण दूरदूरहून इथे येऊन राहत. अमेरिकी कंट्री संगीताचा आद्य गायक जिमी रॉजर्सही त्यांतलाच. क्षयाने पोखरलेल्या रॉजर्सने १९२९ मध्ये इथे टोलेजंग घर बांधलं आणि १९३३ मध्ये तो गेला. त्यानंतर चार दशकं या गावाचा आणि गाण्याचा फारसा संबंध उरला नव्हता.

तो जुळवून आणला रॉड केनेडी यांनी. लोकगीतांचा महोत्सव काढणारा माणूस म्हणून जे चित्र डोळ्यांसमोर येतं, त्यात ते कुठेच बसत नसत. जन्म १९३०चा, बफेलोचा. कोरियन युद्ध पाहिलेले मरीन सैनिक. पुढे ऑस्टिनमध्ये एफएम रेडिओ केंद्राचे मालक, मोटारशर्यतींचे वेडे आणि राजकारणाने रिपब्लिकन. गायक ॲलन डेमरन यांच्यासोबत त्यांनी ऑस्टिनमध्ये जो संगीत क्लब चालवला, त्याचं नावसुद्धा शर्यत संपल्यावर फडकणाऱ्या झेंड्याचं होतं: ‘चेकर्ड फ्लॅग’. लांब केसांच्या गिटारवाल्या पोरांमध्ये हा शिस्तीचा गडी वावरत असे आणि पोरं त्याला वचकून असत.

१९७२ मध्ये कर्व्हिलला कला आणि हस्तकलांची राज्यस्तरीय जत्रा भरायची ठरली. दिवसभर जत्रा पाहिलेल्या लोकांसाठी संध्याकाळी गाणं हवं होतं. केनेडींनी १ ते ३ जून असे तीन दिवस गावातलं बाराशे खुर्च्यांचं नगरपालिकेचं सभागृह घेतलं. श्रोत्यांत माजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन आणि त्यांच्या पत्नी लेडी बर्ड होत्या. मंचावर खंडाने शेती करून उभं आयुष्य काढलेले कृष्णवर्णीय गायक मान्स लिप्सकम होते. ऑस्टिनमध्ये पेट्रोल पंपाच्या जागी बिअरचा अड्डा चालवणारे केनेथ थ्रेडगिलही होते. थ्रेडगिल रॉजर्सची गाणी त्याच्याच ढंगात गात. म्हणजे रॉजर्स एका परीने आपल्या गावी परतलाच म्हणायचा.

पण या महोत्सवाला त्याचं खरं वळण दिलं ते ‘पीटर, पॉल अँड मेरी’ या त्रिकुटातल्या पीटर यॅरो यांनी. नामवंतांची हजेरी तर कुठेही लागते, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही त्याला स्वतःचं गाणं म्हणायला जागा द्या, असं त्यांचं म्हणणं. त्यातून ‘न्यू फोक’ ही नवोदितांची बैठक उभी राहिली. आपल्याकडे ‘गीतरामायण’ माडगूळकरांनी लिहिलं, फडक्यांनी चाल लावली आणि गायलं. कामाची ही वाटणी आपल्या अंगवळणी पडली आहे. कर्व्हिलला येणारा शब्द, चाल आणि गळा असं तिन्ही एकट्याने घेऊन येतो. त्यामुळे इथे पारख गळ्याची कमी आणि गाण्याच्या बांधणीची जास्त.

अनेक वर्षं ही पद्धत अशी होती: शेकड्यांनी आलेल्या ध्वनिमुद्रणांतून बत्तीस जण निवडायचे. प्रत्येकाने दोन गाणी म्हणायची, दोन्ही स्वतःचीच. परीक्षकही गाणी लिहिणारेच. शेवटी सहा विजेते, पण त्यांत पहिला-दुसरा असा क्रम नाही. क्रम न लावण्याची ही रीत केनेडींच्या कडक स्वभावाशी विसंगत वाटते, पण फार शहाणपणाची आहे. १९८२ च्या विजेत्यांत लाइल लव्हेट होते, १९८३ च्या विजेत्यांत रॉबर्ट अर्ल कीन. दोघे टेक्सासच्या ए अँड एम विद्यापीठातले मित्र. तिथे कीन राहत त्या घराच्या ओसरीवर बसून त्यांनी एक गाणंही मिळून रचलं होतं. पुढे दोघेही मोठे झाले. नॅन्सी ग्रिफिथ आणि जॉन गोर्का हेही याच वाटेने आले.

सभागृह दोन वर्षांतच अपुरं पडलं. केनेडींनी गावाच्या दक्षिणेला नऊ मैलांवर जमीन घेतली, तिचं नाव ‘क्वाएट व्हॅली रँच’. १९७४ पासून महोत्सव तिथे, उघड्यावर भरू लागला आणि पावसाशी गाठ पडली. मेअखेर ते जूनची सुरुवात हा त्या टापूतला वादळी सरींचा काळ. चिखलात गाड्या रुतायच्या, तिकीटविक्री बसायची, कर्ज चढायचं. तारखा मात्र बदलल्या नाहीत. उलट महोत्सव लांबत गेला आणि अठरा दिवसांवर पोहोचला. वरवर हा वेडेपणा वाटतो. पण तीन दिवसांतला एक धुऊन गेला तर वर्ष बुडतं. अठरांतले चार गेले तरी चौदा उरतात.

दिवस वाढल्यावर मुक्काम वाढला, आणि मुक्कामातूनच या जागेचं खरं वैशिष्ट्य घडलं. आदल्या आठवड्यातच लोक फाटकाबाहेर गाड्यांची रांग लावतात आणि फाटक उघडलं की तंबूची जागा धरायला धावतात. ‘लँड रश’ म्हणतात त्याला. दुपारी टेकडीवरच्या ‘बॅलड ट्री’ या झाडाखाली कुणीही यावं आणि आपलं गाणं म्हणावं. मुख्य मंच मिटला की छावण्यांच्या शेकोट्यांभोवती रिंगण धरलं जातं. पाळी फिरत फिरत येते. नवख्याने आधी ऐकायचं. आपली पाळी आली की एक गाणं, मग पुन्हा ऐकणं. पहाटेपर्यंत हे चालतं. घटकेपूर्वी मुख्य मंचावर गाऊन आलेला कलावंतही त्या रिंगणात इतरांसारखाच पाळीची वाट पाहतो. कर्व्हिलला वर्षानुवर्षं जाणाऱ्यांपैकी कित्येकांना मुख्य कार्यक्रमाचं फारसं अप्रूप नसतं, आणि त्यांचं काही चुकतं असं वाटत नाही.

तरी मंचाची शिस्त केनेडींनी सोडली नाही. गाणं चालू असताना गप्पा मारणारे त्यांना खपत नसत. फाटकावर येणाऱ्याला स्वयंसेवक ‘वेलकम होम’ म्हणत, आणि आत मात्र असा करडा यजमान. गाणी लिहिणाऱ्यांना तो आवडला याचं कारण उघड आहे: दारूच्या गुत्त्यात ग्लासांच्या खणखणाटात गायची सवय झालेल्यांना इथे शेवटच्या ओळीपर्यंत ऐकणारे कान मिळत होते.

हिशेब मात्र कधी नीट जुळला नाही. शेकडो माणसं बिनपगारी राबत होती म्हणून गाडा चालला. १९९९ मध्ये केनेडींनी महोत्सव विकला, २००२ मध्ये ते निवृत्त झाले आणि सूत्रं त्यांच्या सहकारी डॅलिस ॲलन यांच्याकडे आली. नव्या मालकीलाही आर्थिक गणित पेलवेना. २००८ मध्ये ना-नफा संस्थेने तो ताब्यात घेतला, देणग्या आणि वर्गणीचा आधार मिळाला. केनेडी २०१४ मध्ये वारले. २०२० मध्ये महामारीमुळे महोत्सव झाला नाही, त्यामुळे सुवर्णमहोत्सव २०२२ मध्ये साजरा झाला. न्यू फोकसाठी आता बत्तीसऐवजी चोवीस जण निवडतात. गाणी अजूनही माणशी दोनच.